त्याच्या हसण्याची जागा

कॅमेऱ्यासमोर मी मध्येच थांबतो, अशी माझ्याबद्दल तक्रार आहे. आहे तर आहे. खोटी नाही. समोरचा नट त्याचं काम करून मोकळा झालेला असतो, माझं वाक्य ओठाशी आलेलं असतं, आणि मी खांद्यावरचा दुपट्टा सारखा करत नुसता उभा राहतो. डायरेक्टर म्हणतो, "सर, वाक्य विसरलात का?" आता त्याला काय सांगू कप्पाळ? बऱ्याचदा ते वाक्य मीच लिहिलेलं असतं. मी विसरलेलो नसतो. मी एका माणसाच्या हसण्याची वाट पाहत असतो, आणि तो माणूस मरून गेला आहे.

हे मुंबईच्या माणसाला सांगायला गेलं की तो आधी फोनकडं बघतो आणि मग म्हणतो, "छान आहे, यावर काहीतरी लिहा." म्हणून लिहितो आहे. सिनेमावाल्यांचा एवढा एक सल्ला मी ऐकला.

मी मूळचा झाडीपट्टीचा नट. आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडं धान कापून झालं की दिवाळीपासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत गावोगाव नाटकं होतात. कुठं मंडई म्हणजे गावजत्रा असते, कुठं शंकरपट. बैलांच्या शर्यती आटोपल्या की त्याच शिवारात स्टेज उभं राहतं. मोकळ्या झालेल्या धानाच्या बांधीत तणस अंथरायचं, वर कापड ताणायचं, आणि पाहुणेरावळे, लेकीबाळी, म्हातारेकोतारे सगळे पोती-चादरी घेऊन उजाडेपर्यंत बसणार. कंपन्यांचं बस्तान वडशाला. तिथून गाड्या सुटतात, आज चिमूरकडं तर उद्या गोंडपिपरीकडं. तालीम म्हणाल तर नावाला. आमचा खरा देव विंगेत बसतो, तो म्हणजे प्रॉम्प्टर. अख्खं नाटक तो दबक्या आवाजात वाचत असतो आणि नट त्याच्या मागं मागं चालतात. हिरो रडतो तेही प्रॉम्प्टर रड म्हणतो म्हणून.

कॉमेडीवाल्याचं तेवढं निराळं. मूळ नाटकात सासू सुनेला छळत असते, भाऊ भावाच्या जिवावर उठलेला असतो, आणि त्याच्या अध्येमध्ये आम्ही आमची गाडी घुसवतो. त्या प्रवेशांशी नाटकाच्या लेखकाचा काही संबंध नसतो. ज्याची कॉमेडी त्यानंच लिहून आणायची. मी लेखक झालो तो असा, नाइलाजानं. आमच्या कंपनीचा प्रॉम्प्टर मात्र फार शिस्तीचा बुढा. त्यानं माझेही प्रवेश उतरवून घेतले होते. मी एखादं वाक्य खाल्लं की विंगेतून चांगला खाकरून ते वाक्य मला परत द्यायचा. घे म्हणजे घे.

तो हसणारा माणूस मला पहिल्यांदा चिमूरकडच्या एका गावात दिसला. दिसला म्हणजे आधी ऐकू आला. पुढच्या रांगेत तणसावर मांडी घालून बसलेला, अंगानं काटकुळा, गळ्यात दुपट्टा. हसणं कसं? आधी आत ओढलेला एक हुंदका, आणि मग उतारावर सोडलेल्या बैलबंडीसारखं खडखडत खाली येणारं. पण मला टोचलं ते वेगळंच. माझं वाक्य यायच्या आधी तो हसायचा. अर्धा श्वास आधी. म्हटलं, हा कोण शहाणा? मागच्या गावी नाटक पाहून आला असणार आणि आता शेजारच्यांपुढं मिरवतो आहे. पहिल्या दिवशी मी त्याच्यावर मनातून चिडलोच होतो.

मग लक्षात आलं, पब्लिक त्याच्या मागं हसते. त्यानं हुंदका आत ओढला की आजूबाजूचे तयार होतात, माझं वाक्य पडतं, आणि हसू पार मागच्या पोत्यांपर्यंत जातं. तो नसला की तेच वाक्य, तोच मी, आणि हसू अर्ध्या रस्त्यात बसकण मारतं. आमच्या धंद्यात अशा माणसाची किंमत काय असते ते आम्हालाच ठाऊक. चिमूरच्या आसपास कुठंही आमचं नाटक लागलं की तो सायकलीनं यायचा. मी पडद्याच्या फटीतून आधी त्याला शोधायचो. दिसला की निर्धास्त विंगेत परतायचो.

पुढं पुढं मी त्याच्या अंदाजानं लिहायला लागलो. नवं वाक्य आणलं आणि तो हसला नाही, तर वाक्य काढून टाकायचं. जिथं हसला, तिथं त्याच्या हसण्यापुरती जागा सोडायची. मोठे मोठे लोक वाचून शिकतात, मी त्याच्याकडून शिकलो. लोक नंतर माझ्या टायमिंगबद्दल बोलायला लागले. टायमिंग टायमिंग म्हणतात ते सगळं त्याचं होतं.

एकदा सकाळी चहाच्या टपरीवर तो समोरच भेटला. मी म्हटलं, "भाऊ, तुमाले कोणतं वाक्य जास्त आवडते?" तो माझ्या तोंडाकडं बघत राहिला, हसला, हात वर केला आणि सायकल घेऊन निघून गेला. मला तो फारच मोठा माणूस वाटला. म्हटलं, बोलून शब्द वाया घालवत नाही गडी.

आणि ती माईकची गोष्ट. एका गावी ऐन प्रयोगात माईक बंद पडला. मागची पब्लिक 'आवाज, आवाज' करून बोंबलायला लागली, आणि त्यांच्या बोंबलण्यानं पुढच्यांनाही काही ऐकू येईना. मी तसाच प्रवेश रेटला. आणि हा बाप्पा प्रत्येक जागी, अर्धा श्वास आधी, बरोब्बर हसत होता. एकटा. मी स्टेजवरच भारावून गेलो. या माणसाला माझा शब्द न् शब्द पाठ आहे, असं मी घरी येऊन बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "मंग त्याच्याच संगं संसार करा." पण मला त्या दिवशी लेखक झाल्याचं सार्थक वाटलं होतं, हे खरं.

माझा सगळ्यात चाललेला प्रवेश वाघाचा. एक येडबंबू माणूस मोहफुलं वेचायला जंगलात निघतो. त्याचे दोस्त त्याच्या डब्यावर टपलेले. ते मागून ओरडतात, "जनावर हाय बे." जंगलात वाघाचं नाव घेत नाहीत आमच्याकडं, जनावरच म्हणतात. हा पळतो, ते डब्यावर हात मारतात. पुन्हा ओरडतात, हा पुन्हा पळतो. शेवटी वाघ खरंच येतो, म्हणजे रंगवलेल्या गोधडीखाली आमच्यातलेच दोघं, आणि दोस्त आता जीव तोडून ओरडतात. पण हा गडी तोवर शहाणा झालेला असतो. तो वळतो, दुपट्टा खांद्यावर टाकतो, हसतो, हात वर करून म्हणतो, "जा बे, मले नोका शिकवू," आणि डुलत डुलत वाघाच्याच दिशेनं निघून जातो.

दुपट्टा खांद्यावर टाकतो आणि हसतो, त्याच्या मधली जागा त्या माणसाची. तिथं तो हुंदका यायचाच.

या प्रवेशावर मला लोक ओळखायला लागले. ब्रह्मपुरीकडं एकदा सिनेमाची माणसं नाटक बघायला आली होती, त्यांनी मला उचललं. मग मी पडद्यावर शिपाई झालो, हवालदार झालो, नवरीचा मामा झालो. ते म्हणायचे, "जरा तुमच्या बोलीत बोला ना." मी बोललो की म्हणायचे, "इतकं नको, कळत नाही." असो. शूटिंगला हसत कोणी नाही. दिवे लागलेले, माणसं गप्प, वाक्य टाकलं की विहिरीत दगड टाकावा तसं. पण मला त्याचं काही वाटलं नाही, कारण माझ्या कानात तो हसायचा. मी त्याच्यापुरती जागा सोडायचो आणि पुढं जायचो. लोकांना ती आवडली. सीझन आला की मी सिनेमा सोडून परत वडशाला यायचो, आणि पडद्याच्या फटीतून पुढची रांग बघायचो.

मग एका सीझनला तो दिसला नाही. चिमूरकडचाच शंकरपट होता. मी वाघाचा प्रवेश केला, दुपट्टा टाकला, जागा सोडली. तिथं काहीच आलं नाही. लोक हसले, पण उशिरा, आणि वरवरचं. म्हटलं, आजारी असेल.

सकाळी चहाच्या टपरीवर त्याच्या गावच्या पटाच्या कमिटीतले एक भाऊ भेटले. आमच्यापेक्षा वयानं मोठे, मला नेहमी आग्रहानं बोलावणारे. मी विचारलं. ते म्हणाले, "गेला ना भाऊ तो. मोहफुलाच्या टायमाले."

"कायनं?"

त्यांनी तोंडानं सांगितलं नाही. हाताचा पंजा उघडून टेबलावर ठेवला. आमच्याकडच्या माणसाला तेवढं पुरतं.

"तो समोर होता, आमी मांगं," ते म्हणाले. "नाल्याच्या काठी झुडूप हाललं. मले पिवळं दिसलं. मी सोता आवाज देल्लो, जोऱ्यानं. जनावर हाय रे म्हणून. त्यानं वळून पाह्यलं भाऊ. दुपट्टा असा खांद्यावर टाकला, हासला, हात वर केला, अन् गेला समोर. त्याले वाटलं आमी मजाक करून राह्यलो." मग चहाचा घोट घेऊन ते अगदी साध्या आवाजात म्हणाले, "तुमच्या नाटकावानी."

त्यांनी दोष दिला नव्हता. दोष दिला असता तर भांडलो असतो, मी भांडकुदळ माणूस आहे. त्यांनी नुसती झाली ती गोष्ट सांगितली, आणि मला चहा संपवता आला नाही.

तेव्हापासून माझं बिघडलं. वाघाचा प्रवेश मी बंद केला. कंपनीचा मालक म्हणाला, लोक त्याच्यासाठी तिकीट काढतात. मी म्हटलं, काढू देऊ नका. दुसरे प्रवेश करायचो, पण ती जागा सगळीकडं निघायला लागली. कुठलंही वाक्य तोंडाशी आलं की तिथं तो उभा. वळून पाहणारा, हसणारा, हात वर करणारा. मीच लिहून दिलेलं करत पुढं जाणारा. आता तर हसू आलं तरी भीती वाटायची. एखाद्या गावी अंधारातून कुणी आधी हसलं की माझ्या पाठीला घाम यायचा. मी हसवणारा माणूस, आणि पब्लिकनं हसू नये असं मला वाटायला लागलं. यापेक्षा वाईट आमच्या धंद्यात काय असतं?

आमच्याकडं एक समज आहे. वाघानं मारलेला माणूस वाघाच्या पुढं पुढं चालतो आणि दुसऱ्या माणसांना बोलावून त्याच्याकडं नेतो. पुढच्या मोहफुलांच्या दिवसात त्याच्या गावच्या बाया त्या नाल्याकडं गेल्या नाहीत म्हणे. तिकडून हसणं ऐकू येतं म्हणून. तो पडला तिथं लोकांनी दगड ठेवले, येणारा-जाणारा एकेक ठेवतो. मी कधी गेलो नाही. माझ्या हातानं तिथं दगड ठेवायचा, हे मला जमलंच नसतं.

मुंबईतही सुटका नव्हती. डबिंगच्या खोलीत कानाला हेडफोन लावून मी माझाच चेहरा बघत बसायचो. पडद्यावरचा मी दुपट्टा टाकतो, थांबतो, आणि त्या थांबण्यात मला हुंदका आत ओढलेला ऐकू यायचा. साउंडवाल्या पोराला विचारलं, "काही ऐकू आलं का?" तो म्हणाला, "नाही सर, सायलेन्स आहे." डायरेक्टर चिडायला लागले. एकानं माझे थांबे कापून टाकले, आणि पडद्यावर मी एखाद्या तोतयासारखा दिसलो. त्या वर्षी मी बायकोला सांगितलं, की हा सीझन शेवटचा. घरी धान लावीन, म्हशी राखीन. पण आता लोकांपुढं उभं राहवत नाही.

आणि त्या शेवटच्या म्हटलेल्या सीझनला त्याच्याच गावच्या शंकरपटाचं आमंत्रण आलं. मालकानं घेऊन टाकलं, मला विचारलंही नाही.

आम्ही सकाळीच पोचलो. शाळेच्या खोलीत सामान टाकलं. बाहेर बैलांच्या जोड्या सजत होत्या. कमिटीवाले भाऊ आले आणि हळू आवाजात म्हणाले, "जनावराचा परवेस इथी नोका करू भाऊ. लोकं भेतेत. तो येईन म्हणतेत हासाले." मी म्हटलं, मी तो कधीचाच सोडला आहे. ते जरा घुटमळले. "अन् त्याच्या बायकोनं तुमाले चहाले बोलावलं हाय. जाऊन या."

नाही म्हणायची सोय नव्हती. दुपारी पटाची आरडाओरड एकीकडं चाललेली, आणि मी गावाच्या दुसऱ्या टोकाला त्याच्या अंगणात जाऊन उभा राहिलो. कुडाच्या भिंतीला त्याची सायकल टेकलेली होती. चाकातली हवा गेलेली. बाई ओट्यावर बसून वालाच्या शेंगा सोलत होत्या. वयानं माझ्याएवढ्याच असतील. म्हणाल्या, "बसा भाऊ." मी बसलो. चहा आला. त्या शेंगा सोलत राहिल्या.

"तुमी तो वाघाचा परवेस बंद केला म्हणे."

सबंध गावात वाघाचं नाव तोंडानं घेणारी ती एकटीच बाई मला भेटली. "हो," मी म्हटलं.

"काऊन?"

मी म्हटलं, "बाई, लोक म्हणतेत, त्याले मजाक वाटली. माह्या नाटकापाई."

त्यांनी एक शेंग सोलली, दाणे टोपलीत टाकले. "त्याले आयकू येत नव्हतं भाऊ."

"दूर होता, म्हणून असन..."

"दूर नाई. आयकूच नव्हतं येत. भैरा होता तो. लग्नाच्या आंधी गिट्टीच्या खदानीत कामाले होता. सुरुंगानं एक कान तवाच गेला, मंग दुसरा बी गेला. नुसतं घूं-घूं वाजते म्हणे डोक्यात."

माझ्या तोंडून निघालं, "तो तं हासे."

"हासेच ना. कोणी बी काई बोललं का हासे. समोरच्याचं तोंड हाललं का हासे, हात वर करे अन् निंगून जाये. लोकं म्हणत, लय मजेदार माणूस हाय. भैरा म्हणून कोणाले समजाले नाई पाह्यजे, बस. भैऱ्याले कोण कामावर नेते? जंगलात कोण संगं घेते?"

"अन् नाटकात?"

"नाटकात सगळ्याइच्या आंधी हासे. मांगून हासलं तं समजते ना लोकायले, का हा दुसऱ्याले पाहून हासला. म्हणून तुमच्या तोंडाकडे टक लावून राहे. म्हणे, तो माणूस दम घेते तवाच मले समजते, आता येते."

मला आधी काय झालं म्हणाल, तर राग आला. खोटं कशाला बोलू? त्या माणसासाठी मी चांगली चांगली वाक्यं मारून टाकली होती. तो हसला नाही म्हणून रात्र रात्र पडून विचार केला होता की शब्द कुठं चुकला. आणि त्याच्यापर्यंत माझा एक शब्दही कधी पोचला नव्हता. माईक बंद पडला तेव्हा तो एकटा हसला, कारण त्याच्यासाठी माईक रोजच बंद होता. मग राग उतरला आणि अंगावर काटा आला. ते अर्धा श्वास आधीचं हसणं, ज्याच्यावर माझं सगळं उभं राहिलं, ते भिऊन भिऊन होतं. उघडं पडू नये म्हणून तो पुढच्या रांगेत बसून माझा श्वास राखत होता.

आणि नाल्याच्या काठीही त्यानं तेच केलं होतं. मागचे आहेत ना म्हणून सवयीनं वळून पाहिलं, त्यांची तोंडं हलताना दिसली, आणि जन्मभर करत आला तेच केलं. हसला, हात वर केला.

"गावात सांगतलं काऊन नाई बाई?"

त्यांचा हात थांबला. "काय सांगू? भैरा होता म्हटलं तं विचारतीन ना, भैऱ्या माणसाले जंगलात कायले धाडलं. मीच उठवलं होतं त्याले त्या दिवशी. म्हटलं, फुलं पडून गेले असतीन, चाल लवकर." पुन्हा शेंग हातात घेत त्या म्हणाल्या, "आता तुमाले सांगतलं, कारन का तुमी काम सोडून राह्यले म्हणे. तुमच्या नाटकाचा काई दोष नाई त्याच्यात. माहा हाय तो."

मी म्हटलं, तुमचाही नाही. पुन्हा म्हटलं. त्यांनी ते ऐकून घेतलं, पण आत घेतलं नाही, ते मला दिसत होतं. कुणाच्या म्हणण्यानं उतरणारं ओझं नव्हतंच ते.

मी उठून जायला हवं होतं. पण नट मोठा हावरा प्राणी. मला एक गोष्ट विचारल्याशिवाय राहवेना. "बाई, मंग माहं काम त्याले आवडे का नाई? का नुसताच भेऊन हासे?"

त्या पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघत्या झाल्या. "मले कसं माईत? घरी येऊन करून दाखवे तो. वाघाचंच. बिना आवाजाचं. असा दुपट्टा टाके, असा हात करे. आमी लय हासो. पण मले तुमचे शब्द आठोत, मी शब्दाइले हासो. त्याले काय दिसे, ते मले कधी समजलं नाई." मग त्यांनी टोपली बाजूला सारली, हात पदराला पुसले. "एक डाव करून दाखवा मले."

"इथी?"

"इथीच." आणि त्यांनी दोन्ही तळहात कानांवर घट्ट दाबून धरले. "करा."

मी अंगणात उभा राहिलो. वर ऊन, कोंबड्या पायात येत होत्या. स्टेज नाही, दोस्त नाहीत, गोधडीचा वाघ नाही. मी सुरू केलं. शब्दांशिवाय मला येत नाही, म्हणून शब्द म्हणतच होतो, पण ते माझ्यापाशीच राहत होते. डबा बांधला, निघालो, पळालो, परत आलो, पुन्हा पळालो. बाईंचा चेहरा दगडासारखा. डोळे माझ्या तोंडावर. असं कुणी बघत असलं की माणूस नागडा होतो. मला पहिल्यांदा कळलं की तो कसा बघत असेल.

शेवटचं आलं. मी वळलो. दुपट्टा खांद्यावर टाकला, श्वास घेतला.

आणि बाई हसल्या.

त्याचं हसणं नव्हतं ते. त्यांचं स्वतःचं होतं, लहानसं, नाकातून आलेलं. पण जागा तीच. माझ्या वाक्याच्या अर्धा श्वास आधी. हात कानांवरच होते, आणि डोळ्यांतून पाणी चाललं होतं, आणि त्या हसत होत्या. म्हणाल्या, "दिसलं." मोठ्यानं म्हणाल्या, कान बंद केलेला माणूस बोलतो तसं. "दिसलं भाऊ. हासूच येते."

मी तसाच उभा होतो, हात अर्धा वर. वाक्य तोंडात होतं. ते मी म्हटलं नाही.

गावाचं आणि माणसांचं नाव मी इथं लिहिलेलं नाही, त्याचं कारण आता सांगायला नको. बाईंनी जे गावाला सांगितलं नाही, ते मीही गावाला कळू देणार नाही.

त्या रात्री कमिटीवाल्या भाऊंना न विचारता मी वाघाचा प्रवेश केला. पब्लिक एकदम गप्प झाली होती. बाई पुढं बायांमध्ये बसल्या होत्या, हात मांडीवर. मी वळलो, दुपट्टा टाकला, हसलो, हात वर केला आणि वाघाच्या दिशेनं निघून गेलो. हसू आलं. आधी पुढून, मग पार मागच्या पोत्यांपर्यंत. त्यात कुणाकुणाचं हसू होतं ते मी मोजत बसलो नाही.

म्हशी राखायचं राहून गेलं. मी अजून नाटक करतो, सिनेमातही थांबतो, आणि बोलणी खातो. 'जा बे, मले नोका शिकवू' हे वाक्य मात्र मी त्या दुपारनंतर कधी म्हटलेलं नाही. विंगेतला आमचा प्रॉम्प्टर दर प्रयोगाला खाकरून ते मला देतो, मी घेतलं नाही की पुन्हा देतो, जरा मोठ्यानं. त्याला वाटतं, मी विसरतो.